दारिद्र्य आणि लेकरांचे मन

गरिबाचे लेकरू आडदांड निघाले, म्हणजे “आईबापांनी वळण लाविले नाही” असे लोक म्हणतात. हा न्याय खरा आहे काय?

अंधेरीस १९७३ साली सीप्झ ही कारखान्यांची वसाहत स्थापन झाली. अशा ठिकाणी राबणाऱ्या मातेचा दिवस कामात व प्रवासात सरतो. लेकराजवळ बसावयास तिला अवकाश कोठला? दोष स्वभावाचा की दारिद्र्याचा, ह्याची परीक्षा अमेरिकेत आपोआप घडली. जेन कॉस्टेलो ही विदुषी १९९३ पासून तेथील मुलांची पाहणी करीत होती. १९९६ साली चेरोकी लोकांच्या मुलखात द्यूतगृह निघाले आणि नफ्याचा वाटा त्या लोकांस मिळू लागला. द्यूत निंद्यच, परंतु ज्या घरांचे दारिद्र्य फिटले, तेथील मुलांचा दांडगावा निवळला. आईबाप तेच होते. मुलांवर लक्ष ठेवावयास त्यांस सवड मिळाली, इतकेच. उदासी व चिंता मात्र पैशाने विशेष हटली नाही.

तेव्हा वाचकहो, दारिद्र्य भाकरीबरोबर आईबापांचा वेळही हिरावून घेते. शेजाऱ्यास दोष देण्यापेक्षा त्याच्या लेकरास सायंकाळी आपल्या ओसरीवर बसवून घ्यावे. आणि ते उदास दिसल्यास त्यास वैद्याकडे नेण्यास आईबापांस साहाय्य करावे.