कच्चा लिंबू आणि वाळूचे पोते

लहानपणी वाडीत खेळ रंगात आला की कुणाचे तरी धाकटे भावंड रडत यायचे, ‘मलाही घ्या.’ मग मोठी मुले म्हणायची, ‘घ्या रे त्याला, पण तो कच्चा लिंबू.’ कच्चा लिंबू खेळात असायचा, धावायचा, ओरडायचा. पण त्याला बाद धरत नसत. त्यावर कुणीही ‘हा अन्याय आहे’ असे म्हटल्याचे मला आठवत नाही.

ही आठवण झाली ती माझ्या भाच्यामुळे. तो नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो आणि आठवड्यातून एक संध्याकाळ पूल खेळतो. पूल म्हणजे नदीवरचा नव्हे! बिलियर्डसारख्या टेबलावर लांब काठीने चेंडू मारून सहा भोकांत घालायचा तो खेळ. आपल्या कॅरमचाच मोठा भाऊ म्हणा. तिथे हौशी खेळाडूंचे संघ असतात, त्यांच्या लीग चालतात. अशी एक मोठी संघटना टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी 1979 साली सुरू केली. दिवसभर काम करून आलेल्या साध्या माणसालाही चांगल्या खेळाडूसमोर उभे राहता यावे, म्हणून तिच्यात प्रत्येकाचा स्तर ठरवतात. ‘एट बॉल’ या प्रकारात सर्वांत खालचा स्तर 2 आणि सर्वांत वरचा 7. स्तर 7 चा खेळाडू स्तर 2 च्या खेळाडूसमोर आला, तर वरच्याला 7 डाव जिंकावे लागतात, खालच्याला फक्त 2. शिवाय एका सामन्यात उतरणाऱ्या पाच जणांच्या स्तरांची बेरीज 23 च्या वर जाता कामा नये.

याला म्हणतात ‘हँडिकॅप’. हा शब्द ‘टोपीत हात’ या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी खेळावरून आला. दोघांना आपापल्या वस्तूंची अदलाबदल करायची असली, की तिसरा माणूस दोन्हींतला फरक ठरवी आणि हलक्या वस्तूच्या मालकाने वर किती द्यायचे ते सांगे. मग दोघे टोपीत हात घालून आपला होकार किंवा नकार कळवीत. म्हणजे मुळात हा शब्द दुबळेपणाचा नव्हता, सौदा बरोबरीचा करण्याचा होता.

पण ही बरोबरी न्यायाची आहे का? ज्याने वर्षानुवर्षे घाम गाळून हात बसवला त्याने 7 डाव जिंकायचे आणि काल आलेल्याने 2? ही तक्रार पोरकट नाही. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी 1609 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात खेळांचाही विचार केला आहे. फाशांचे व पत्त्यांचे खेळ त्यांना वाईट वाटतात, कारण तिथे लाभ कौशल्याला मिळत नाही, नशिबाला मिळतो. चांगल्या खेळात लाभ हे कौशल्याचे फळ असते. मग कौशल्यालाच ओझे लावणारा नियम चांगला कसा?

मला वाटते, उत्तर खेळाच्या हेतूत आहे. ‘सर्वांत चांगला कोण?’ हे ठरवायचे असेल, तर सर्वांना एकच माप हवे. तिथे सूट देणे म्हणजे खोटा निकाल देणे. पण मंगळवारी संध्याकाळी नर्स, सुतार आणि ट्रक ड्रायव्हर एका टेबलाभोवती जमतात, ते जगज्जेता निवडायला नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी योग्य विरंगुळ्याला सद्गुणात स्थान दिले आहे. तो विरंगुळा सर्वांना मिळावा, हा या लीगचा हेतू. तिथे प्रश्न असतो, ‘तुझ्याजवळ जेवढे आहे, त्यातले आज तू किती दिलेस?’ स्तर 2 चा माणूस हे करू शकतो, स्तर 7 चाही.

प्रभूने सांगितलेला तालान्तांचा दाखला आठवा (मत्तय 25). धनी परगावी जाताना एका सेवकाला पाच तालान्त देतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. ज्याची जशी कुवत तसे. पाचाचे दहा करणारा आणि दोनाचे चार करणारा, दोघांचेही कौतुक धनी अगदी सारख्याच शब्दांत करतो. दहा मोठे की चार मोठे, हा हिशेब तो मांडत नाही. कुवतीच्या मानाने मोजणे हा अन्याय नव्हे, हे आपण दर तीन वर्षांनी मिस्सात ऐकतो, पण कॅरमच्या फळीवर विसरतो!

आता भाच्याची गोष्ट. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. आवाज पडलेला. त्याच्या संघातले पाच जण 7, 5, 4, 4 आणि 3 या स्तरांचे. बेरीज बरोबर 23. भाचा त्यातला एक 4. त्याचा हात सुधारत चालला होता आणि तो 5 वर गेला असता, तर बेरीज 24 झाली असती. म्हणजे त्या पाच मित्रांना एकत्र उतरता आले नसते. कप्तानाने त्याला बाजूला घेऊन सांगितले, ‘तू जिंक, पण हळू जिंक. मधून मधून सोपे चेंडू चुकव.’ त्यांच्याकडे केवळ जिंकणे-हरणे मोजत नाहीत, जिंकायला किती पाळ्या लागल्या तेही लिहून ठेवतात. मुद्दाम मारलेला बचावाचा फटका वेगळा लिहायचा असतो. मुद्दाम चुकवलेला चेंडू खरी चूक म्हणून लिहिला गेला, की माणूस कागदावर कच्चा राहतो.

‘मामा, यात कुणाचे काय जाते?’ त्याने विचारले. ‘सामना तर आम्ही तसाही जिंकतो. आणि हा 23 चा नियमच चुकीचा आहे. मैत्री तोडणारा.’

मी लगेच उत्तर दिले नाही. नियमाला किंमत मोजावी लागते, हे खरे. चांगला खेळलास म्हणून मित्रांपासून दूर हो, हे ऐकायला कठीणच आहे. पण मी त्याला विचारले, ‘तू नवखा होतास, तेव्हा त्या संघाने तुला का घेतले?’ तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘त्यांना बेरीज जमवायला कमी स्तराचा एक माणूस हवा होता.’ ज्या नियमाने त्याला दार उघडले, तोच नियम आता दुसऱ्या कुणासाठी दार उघडू पाहत होता आणि हे पाच जण आतून कडी लावत होते.

या लबाडीला तिकडे ‘सँडबॅगिंग’ म्हणतात, म्हणजे वाळूचे पोते. मला तर तो तिसरा सेवकच दिसला, आपला तालान्त मातीत पुरून ठेवणारा. फरक एवढाच की त्याने भीतीने पुरला, आपण फायद्यासाठी पुरतो. आणि यात कुणाचे जाते? समोर बसलेल्या खऱ्या कच्च्या लिंबाचे जाते. सूट ही दुबळ्यासाठी ठेवलेली जागा आहे. सबळ माणूस दुबळ्याचा सदरा घालून तिथे बसला, की ती जागा चोरली जाते. खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा केवळ कोर्टासाठी नाही, गुणपत्रिकेसाठीही आहे. गोल्फमध्ये 2020 पासून जगभर जी एक पद्धत आली, तिच्यात अलीकडच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या 8 धरतात. माणूस वाईट दिवसाचे सोंग करू शकतो, चांगल्या दिवसाचे नाही, हे नियम करणाऱ्यांनी ओळखले आहे.

बंधुभगिनींनो, अमेरिकेतल्या टेबलाची गोष्ट इथे कशाला, असे वाटेल. पण वाळूचे पोते आपल्याही घरात आहे. मुलाच्या फीची सवलत मिळावी म्हणून उत्पन्नाचा दाखला कमी रकमेचा काढतो, तेव्हा आपण खऱ्या गरिबाच्या लेकराची जागा घेतो. ‘सगळेच करतात’ म्हणून ती जागा परत येत नाही. आणि वाचन करायला, धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायला, आजाऱ्यांना भेटायला माणसे हवीत असे फादर वेदीवरून सांगतात, तेव्हा ‘मला कुठे जमते?’ म्हणत आपण आपला स्तर झटकन 2 वर आणतो. मागताना कच्चे आणि देतानाही कच्चे! मग पिकतो तरी केव्हा?

भाचा शेवटी मनापासून खेळला आणि 5 वर गेला. कप्तान काही आठवडे त्याच्याशी नीट बोलला नाही. स्तर 3 चा मित्र आता एक आठवड्याआड बसतो, याचे भाच्याला अजून वाईट वाटते, आणि वाटायलाच हवे. ज्या आठवड्यात तो बसतो, त्या आठवड्यात स्तर 2 च्या एक आजीबाई खेळतात. बेरीज 23. मागच्या महिन्यात त्यांनी स्तर 7 च्या एका गृहस्थांना हरवले. ‘मामा, तो माणूस हरला, पण टाळ्या सगळ्यांत मोठ्याने त्यानेच वाजवल्या,’ भाचा सांगत होता.

या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. प्रभूने दिलेले कोणते दान मी वाळूत पुरून ठेवले आहे, आणि त्यामुळे कुणाची जागा अडली आहे?