भेगेतली पाचर

अंधेरी पश्चिमेला, भवन्स कॉलेजच्या मागे, गिल्बर्ट हिल उभी आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ती रिक्षातून जाता-येता पाहिली असेल. कातळात खोदलेल्या पायऱ्या चढून वरच्या गावदेवीच्या मंदिरापर्यंत जाऊन आलेलेही काही असतील. सुमारे २०० फूट उंचीचा हा काळा कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. तप्त लाव्हा थंड होताना आकसला, आकसताना तडकला आणि त्याचे उभे, बहुकोनी खांब झाले. पेन्सिलींचा जुडगा उभा धरावा तसे ते दिसतात. दोन खांबांच्या मधून वरपासून खालपर्यंत भेग जाते. आज थोडे या भेगेविषयी बोलू.

दगड फोडणाऱ्याला अशी भेग उपयोगी पडते. खाणीतला कामगार आधी दगडाची चीर शोधतो, तिच्यात लोखंडी पाचर बसवतो आणि वर घण घालतो. दगड सुटतो. मोठे काम असले तर सुरुंग. मुंबईच्या कितीतरी टेकड्या अशाच खडी होऊन रस्त्यांत, रेल्वेच्या रुळांखाली आणि इमारतींच्या पायांत गेल्या. गिल्बर्ट हिलच्या आजूबाजूचा दगडही खाणीत गेला. त्या कामगारांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी उन्हात घाम गाळून पोट भरले आणि आपण त्यांच्या खडीवर घरे बांधून राहतो.

भेगेत पाचर घालणारा दुसराही एक माणूस आहे. तो म्हणजे गिर्यारोहक. आपल्या मुंबईत ही मंडळी थोडीथोडकी नाहीत. ‘गिरिविहार’ ही संस्था १९५४ पासून आहे. कान्हेरीच्या आणि मुंब्र्याच्या कातळांवर सराव करून पुढे खंडाळ्याची नागफणी, तैलबैलाच्या भिंती, लिंगाणा, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा असे त्यांचे शिक्षण चालते. घरची माणसे विचारतात, ‘वर काय ठेवले आहे?’ प्रश्न रास्त आहे. वर काही नसते. पुढे पोप पायस अकरावे झालेले फादर आकिले रत्ती यांनी १८८९ साली माँते रोझाचा अवघड पूर्वकडा चढला आणि बर्फातल्या एका अरुंद कट्ट्यावर रात्र काढली, तेव्हा त्यांनाही हे कोणीतरी विचारलेच असेल.

उभ्या भेगेतून चढण्याची रीत अशी आहे. दोघे जण एका दोराने बांधलेले असतात. पहिला भेगेत हात घालतो, आत मूठ वळतो, ती अडकते. बुटाचे टोक घालून पिळतो, तेही अडकते. थोडे वर गेल्यावर भेग जिथे निमुळती होते तिथे तो धातूची एक लहान पाचर हाताने बसवतो, हातोडा न मारता, आणि तिच्या कडीतून आपला दोर ओवतो. त्या पाचरीच्या वर तो १० फूट गेला आणि हात सुटला, तर २० फूट खाली येणार, वर दोराचा ताण वेगळा. पाचर नीट बसली असेल आणि खालच्याने दोर नीट धरला असेल तर तो वाचतो. दोर पुरेल तितके चढून एखाद्या कट्ट्यावर तो स्वतःला बांधून घेतो. मग दुसरा वर येतो. असे तीन-चार किंवा त्याहून अधिक टप्पे.

या दुसऱ्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. फोटो पहिल्याचा निघतो. पण प्रत्येक पाचर हलवून, उचकटून, कधी लोखंडी आकड्याने टोकरून काढायची आणि कमरेला लावून वर न्यायची, हे काम दुसऱ्याचे. एका हाताने लटकत असताना दुसऱ्याने बसवलेली घट्ट पाचर सोडवणे सोपे नसते. मागे राहिली तर ओरडा त्यालाच. तो वर पोहोचला की भेग पुन्हा रिकामी झालेली असते.

पूर्वी असे नव्हते. भेगेत पोलादी मेखा ठोकत आणि काढत. दर वेळी दगडाचा थोडा चुरा होई आणि प्रसिद्ध कड्यांच्या भेगा हळूहळू फाटत गेल्या. इंग्लंड-वेल्सकडचे गिर्यारोहक आधी खिशात गोटे नेऊन ते भेगेत अडकवत. पुढे रेल्वेच्या रुळांजवळ पडलेले लोखंडी नट उचलून त्यांतून दोरी ओवू लागले. म्हणून त्या पाचरीला आजही ‘नट’च म्हणतात. अमेरिकेत इव्हॉन शुनार्ड यांचा धंदाच मेखांचा. आपल्याच मालाने कडे खराब होताना पाहून त्यांनी १९७२ च्या आपल्या विक्रीच्या पुस्तिकेत गिऱ्हाइकांना सांगितले की मेखा सोडा, हाताने बसणाऱ्या आणि काढता येणाऱ्या पाचरी वापरा. दुकानदाराने आपला सर्वांत खपणारा माल घेऊ नका असे सांगणे रोज घडत नाही. (नव्या पाचरीही ते विकत होते, हेही सांगितले पाहिजे.)

येथे खरा प्रश्न येतो. वस्तू आपण घडवलेली नाही, आपल्या मालकीची नाही आणि अडवायलाही कोणी उभे नाही. तिच्याशी कसे वागायचे? कोणी म्हणेल, दगडात कायमचे बोल्ट ठोकून ठेवा. उद्या येणाऱ्या पोराचा जीव वाचेल. हे प्रेमाचे बोलणे आहे आणि ते उडवून लावता येत नाही. आपल्या सह्याद्रीचा कातळ थरांचा, ठिसूळ, गवताने भरलेला. पुष्कळ ठिकाणी पाचर धरणारी भेगच मिळत नाही. तिथे बोल्ट मारावाच लागतो आणि मारावा असेच माझे मत आहे. माणसाचा जीव दगडाहून मोठा. पण भेग धडधाकट असताना, पाचर बसत असताना, केवळ आपले भय लवकर संपावे म्हणून भोक पाडणे वेगळे. तो आपला सोयीस्करपणा असतो आणि त्याला आपण परोपकाराचे नाव देतो.

गिल्बर्ट हिलसारख्याच खांबांचा, पण वेगळ्या जातीच्या दगडाचा एक प्रचंड सुळका अमेरिकेत वायोमिंग राज्यात आहे, डेव्हिल्स टॉवर. १९०६ साली त्या देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक म्हणून तो जाहीर झाला. जॅक डुरन्स यांनी १९३८ साली चढलेली त्याची वाट एका कलंडलेल्या खांबापासून सुरू होते आणि भेगांमधून वर जाते. फार कठीण नाही, म्हणून शेकडो लोक ती चढतात. पण लाकोटा आणि इतर मूळ रहिवाशांसाठी तो सुळका म्हणजे अस्वलाचे घर, पवित्र जागा. जून महिन्यात त्यांचे विधी असतात. १९९५ च्या नियोजनापासून तिथले अधिकारी गिर्यारोहकांना विनंती करतात की जूनमध्ये चढू नका. ही केवळ विनंती आहे, दंड नाही. पुष्कळ जण थांबतात. काही जण तरीही चढतात आणि त्यांना कोणी खाली ओढत नाही. जूनच्या सकाळी पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला आपले मन स्वतःच तपासावे लागते.

आपल्याकडे गिल्बर्ट हिलला १९५२ साली संरक्षण मिळाले. महापालिकेने तिला वारशाच्या यादीत दुसऱ्या श्रेणीत घेऊन भोवतालचे खाणकाम बंद केले ते २००७ साली. मधल्या ५५ वर्षांत घण घालणारा, कंत्राट देणारा, खडी विकत घेणारा आणि त्या खडीच्या घरात राहायला जाणारा, यांतल्या कोणालाच आपण काही चुकीचे करतो आहोत असे वाटले नसावे. आता पाऊस आणि वारा उघड्या पडलेल्या खांबांची झीज करीत आहेत आणि पायथ्याशी दाटीने घरे आहेत. त्या घरांतील माणसांना दगड सुटण्याची भीती आहे, म्हणून तिथे जाळी लावा, बोल्ट मारा असे कोणी म्हटले तर मी तरी आडवा येणार नाही.

पावसाळा संपल्यावर एखाद्या रविवारी मिस्सानंतर मुलांना घेऊन तिथे जरूर जा. पायऱ्या हळू चढा, वर देऊळ आहे याचे भान ठेवा आणि मुलांना खांबांमधली एखादी भेग हाताने चाचपून पाहू द्या.