ताली कुणाच्या?

लेक वालेन्सियाला नोकरीला, म्हणून स्पेन बघणं घडलं. भूमध्य समुद्रापासून थोडं आत, डोंगरात गाल्यिनेरा नावाचं खोरं आहे. तिथल्या बेनियाली गावात दुपारी कुत्रंसुद्धा भुंकत नाही. माझी नजर गेली ती उतारावरच्या ताली बघायला. चुना नाही, सिमेंट नाही. दगडात दगड बसवलेला. वर चेरी, बदाम, ऑलिव्ह.

जुन्या ताली मुसलमान शेतकऱ्यांच्या वेळच्या, असं सांगतात. 'बेनी' म्हणजे अरबीत अमक्याची लेकरं. त्यांना ख्रिस्ती व्हायला लावलं, तरी १६०९ साली राजानं समुद्रापार हाकललंच. ओस पडलेल्या खोऱ्यात मायोर्का बेटावरची कुटुंबं आणून बसवली.

मग जमीन कुणाची? आमच्याकडं वीतभर बांध कोरला तर सख्खे भाऊ कोर्टात जातात. इथं तर अख्खं खोरंच हातातून गेलं. पण चारशे वर्षं ढासळलेला दगड पुन्हा बसवत आलेल्यांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हाकललेल्यांचा हक्क संपला, असंही म्हणवत नाही. गावाच्या नावात ते अजून आहेतच की.

एक म्हातारबा ताल नीट करत होते. मी एक दगड उचलून दिला. त्यांनी तो फिरवून बघितला आणि बसवला.