शेजाऱ्याचा सूर



नाताळात आपण ऐकतो ते ‘सायलेंट नाइट’ हे गीत ऑस्ट्रियात दोघांनी मिळून घडवले. फादर जोसेफ मोर यांनी १८१६ साली शब्द लिहिले. २४ डिसेंबर १८१८ रोजी ते शब्द त्यांनी शिक्षक व ऑर्गनवादक फ्रान्झ ग्रुबर यांच्या हाती दिले. ग्रुबर यांनी त्याच दिवशी चाल लावली आणि ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये नाताळच्या मिस्सेत दोघांनी ते गायले. फादर मोर गिटार वाजवत वरच्या सुरात, ग्रुबर खालच्या सुरात. कडव्याच्या शेवटच्या ओळी गायकवृंदाने उचलल्या.

स्वरमेळ म्हणजे सर्वांनी एकच सूर काढणे नव्हे. प्रत्येकाचा सूर वेगळा. पण शेजाऱ्याचा सूर कानी पडला नाही, तर आपला चुकतो. म्हणून गायकाला गळ्याआधी कान तयार करावा लागतो.

आपण मात्र मिस्सेत एकत्र गातो आणि बाहेर पडल्यावर बांधाच्या वादापायी सख्ख्या भावाशी बोलत नाही. अर्पण वेदीवर नेण्याआधी भावाशी समेट करा, असे प्रभू येशूने शिकवले. आपले गीतही अर्पणच आहे.

आज आपण शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईल इतक्याच मोठ्याने गाऊ या. आणि ज्याच्याशी अबोला आहे, त्याला मिस्सा संपताच नावाने हाक मारू या. प्रभू आपल्याला ती कृपा देवो.