कामोदक: मित्रशोक, लोककार्य आणि छंद

रक्ताच्या नात्यातील माणूस गेला की शोकाला एक आखीव चौकट मिळते. सुतक, म्हणजे मृत्यूमुळे आप्तांना लागणारे अशौच, कोणाला आणि किती दिवस पाळावयाचे, दहाव्याला काय करावयाचे, वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात कोणते सण टाळावयाचे, हे सारे आधीच ठरलेले असते आणि त्यामुळे दुःखाने सुन्न झालेल्या माणसाला निदान काही काळ तरी स्वतःहून काही ठरवावे लागत नाही. मित्राच्या मृत्यूनंतर असे काहीच नसते. ज्याच्या खांद्याला खांदा लावून वर्षानुवर्षे वस्तीतल्या पाण्याच्या प्रश्नासाठी अर्ज-विनंत्या केल्या, ज्याच्याबरोबर दर आठवड्याला भजनाला बसले किंवा पावसाळ्यात गड चढले, त्याचे सुतक मागे राहिलेल्या मित्राला लागत नाही. तो दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकतो, संध्याकाळी मंडळाच्या बैठकीला बसू शकतो, आणि त्याला कोणी अडवत नाही. या मोकळिकीतूनच एक अवघड प्रश्न उभा राहतो: लोककार्य आणि छंद ही दोन्ही मित्राच्या सोबतीनेच वाढलेली असतील, तर तो गेल्यावर ती चालू ठेवणे ही निष्ठा ठरते की प्रतारणा?

धर्मशास्त्राने मित्राला अगदीच वगळलेले नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, अशौचाच्या प्रकरणात, मृताला उदक देण्याचा, म्हणजे त्याच्या नावाने ओंजळीने पाणी सोडण्याचा, विधी सांगितलेला आहे. सपिंडांना, म्हणजे पिंडाच्या नात्याने बांधलेल्या जवळच्या कुटुंबीयांना, हे उदक देणे बंधनकारक आहे. परंतु मित्र, विवाहित कन्या, भाचा, सासरा आणि ऋत्विज यांच्यासाठी स्मृतिकाराने ‘कामोदक’ सांगितले आहे, म्हणजे ज्याला इच्छा असेल त्याने द्यावयाचे पाणी. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात सहाव्या विक्रमादित्याच्या काळी या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने ही बाब अधिक स्पष्ट केली आहे: हे पाणी दिले नाही तरी दोष लागत नाही. स्मृतिग्रंथ वर्णभेदाच्या व्यवस्थेत घडलेले आहेत आणि त्यांचे सगळे म्हणणे आज कोणी शिरोधार्य मानावे असे मुळीच नाही. तरीही या एका तरतुदीत माणसाच्या मनाची फार सूक्ष्म जाण दिसते. मित्राचा शोक शास्त्राने नाकारला नाही आणि लादलाही नाही. त्याचे माप ज्याचे त्याच्यावर सोपवले, आणि तरीही त्यासाठी एक स्वतंत्र कृती राखून ठेवली.

ही स्वतंत्र कृतीच आजच्या सार्वजनिक जीवनातून हरवत चालली आहे. कार्यकर्ता गेल्यावर शोकसभा होते, तसबिरीला हार घातला जातो, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली जाते, आणि जवळजवळ प्रत्येक वक्ता त्याचे अपुरे राहिलेले काम पुढे नेणे हीच खरी श्रद्धांजली असे सांगून खाली बसतो. या वाक्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. काम पुढे गेलेच पाहिजे, कारण त्यावर इतरांचे जगणे अवलंबून असते. परंतु गेलेला माणूस केवळ कामाचा भागीदार नव्हता, तो मित्रही होता, आणि मित्राचे मित्रपण त्याच्या हातून झालेल्या कामांच्या यादीत मावत नाही. शोकाच्या जागी काम ठेवले की कामालाही इजा होते: बैठकीमागून बैठका घेणारा, क्षणभरही रिकामा न बसणारा कार्यकर्ता बाहेरून निष्ठावान दिसतो, पण बहुधा तो एका रिकाम्या खुर्चीकडे पाहणे टाळत असतो.

बौद्ध परंपरेने या प्रश्नाला अधिक थेटपणे तोंड दिले आहे. संयुक्तनिकायात, म्हणजे विषयवार गटांत रचलेल्या पाली सुत्तांच्या संग्रहात, बुद्धांचा शिष्य सारिपुत्त याच्या मृत्यूची वार्ता येते तो प्रसंग आहे. चुंद नावाचा श्रामणेर, म्हणजे नवदीक्षित, सारिपुत्ताचे भिक्षापात्र आणि चीवर घेऊन श्रावस्तीला येतो. ती बातमी ऐकून बुद्धांचा शिष्य आनंद याला आपले शरीर जड झाल्यासारखे वाटते, दिशा कळेनाशा होतात, शिकलेला धर्मही सुचेनासा होतो. बुद्ध त्याला विचारतात की सारिपुत्ताने जाताना शील, समाधी आणि प्रज्ञा यांचा साठा बरोबर नेला काय. आनंद नाही म्हणतो, परंतु तेवढ्यावर थांबत नाही. सारिपुत्त आपला मार्गदर्शक होता, सोबत्यांना आधार देणारा होता, हे तो बोलून दाखवतो. त्याच संग्रहातील दुसऱ्या सुत्तात, सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे दोघेही शिष्य गेल्यानंतर गंगेच्या काठी भरलेल्या भिक्षुसभेकडे पाहून स्वतः बुद्ध ही सभा आपल्याला रिकामी भासते असे म्हणतात. संघ हा त्या काळातील सर्वांत नियमबद्ध समुदायांपैकी एक होता, आणि त्याच्या प्रमुखाने भरल्या सभेत ही उणीव उच्चारली, मग अनित्यतेचा उपदेश केला आणि संघाचे काम पुढे चालवले. क्रम महत्त्वाचा आहे. उणीव आधी बोलली गेली, उपदेश नंतर आला. आपल्याकडे सांत्वनाला येणारे पुष्कळदा याच्या उलट करतात आणि शहाण्याने शोक करू नये हा गीतेचा उपदेश पहिल्याच भेटीत ऐकवतात.

मराठी परंपरेत या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण नामदेवांचे आहे. शके 1218 मध्ये, म्हणजे 1296 साली, ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, आणि त्या प्रसंगाचे वर्णन करणारे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. त्या अभंगांच्या कर्त्याविषयी आणि काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु वारकऱ्यांनी शतकानुशतके जे जपले ते भक्ताने शांतपणे घेतलेला निरोप म्हणून जपलेले नाही, तर व्याकुळ झालेल्या मित्राचे बोलणे म्हणून जपले आहे. ज्ञानदेव ब्रह्मरूप झाले हे तत्त्वज्ञान ज्या संप्रदायाला मान्य होते, त्याच संप्रदायाने नामदेवांचे रडणे कमीपणाचे मानले नाही. परंपरेनुसार यानंतर नामदेव 54 वर्षे जगले. त्या काळात त्यांनी कीर्तनाची वाट उत्तरेकडे पंजाबपर्यंत नेली, गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्मृतिस्थान आहे आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे समाविष्ट आहेत. पुढे 1338 च्या सुमारास मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना ते कोसळून संत चोखामेळा, म्हणजेच चोखोबा, इतर मजुरांसह गाडले गेले, तेव्हा नामदेवांनी तेथे जाऊन त्यांच्या अस्थी शोधल्या आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ज्याला जिवंतपणी देवळात पाऊल ठेवू दिले गेले नाही, त्या मित्राच्या अस्थी वेचणे हा शोकही होता आणि समाजापुढे ठेवलेला दावाही. येथे कामाने शोकाला गिळले नाही. ढिगाऱ्याजवळ जाऊन बसणे, हाडे हाताने वेगळी करणे, हे शोकाचेच काम होते आणि लोककार्य त्यातून उभे राहिले.

छंदाचा प्रश्न लोककार्याहून नाजूक आहे, कारण लोककार्याला कर्तव्याचा आधार असतो, तर छंदाला केवळ आनंदाचा. भजनी मंडळातला पखवाजी गेला आणि पेटीवर बसणाऱ्याने पुढच्या एकादशीला पुन्हा भाता हलवला, तर आपण मजा करत आहोत की काय, या विचाराने त्याचे बोट अडखळते. येथे दोन्हींना एकच माप लावल्यामुळे गोंधळ होतो. लोककार्य थांबले तर तिसऱ्याच माणसाचे नुकसान होते, म्हणून ते थांबू नये. परंतु ते दुसऱ्याच्या हाती देता येते. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही, ती पहारेकऱ्यांच्या पाळीप्रमाणे एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि म्हणूनच थकलेल्याला विसावा घेता येतो. शोक मात्र असा दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. उलट छंदावर कोणाची भाकरी अवलंबून नसते, त्यामुळे तो महिनाभर किंवा वर्षभर बाजूला ठेवता येतो, आणि हवा तेव्हा कोणालाही हिशेब न देता पुन्हा हाती घेता येतो. परत हाती घेताना आनंद झाला तर तो मित्राचा अपमान नव्हे. ठेका धरणारा हात बदलला आहे हे पेटीवाल्याला पहिल्या आवर्तनातच जाणवते, आणि ते जाणवत असूनही गाणे पुरे करण्यात मित्राची आठवण कोणत्याही भाषणापेक्षा नेमकी असते. काही जणांना ते गाणे पुन्हा कधीच जमत नाही. त्यातही दोष नाही. कामोदक ऐच्छिक आहे, याचा अर्थ तोच.

म्हणून समतोल म्हणजे वेळेची सारखी वाटणी नव्हे. कामाने शोकाला मर्यादा घालावी, छंदाने त्याला जागा द्यावी, आणि या दोहोंपलीकडे केवळ मित्रासाठी केलेली एखादी कृती असावी, मग ती नदीत सोडलेली ओंजळ असो, त्याच्या आईला दर महिन्याला दिलेली भेट असो किंवा त्याच्या वह्या लावून ठेवणे असो. संस्था आणि मंडळे चालवणाऱ्यांनी याबाबत एक साधी गोष्ट करावी. आज शोकसभेचे सभागृह ठरवणे, तसबीर मोठी करून आणणे, हार आणि वक्ते जमवणे ही धावपळ बहुतेक वेळा गेलेल्या माणसाच्या सर्वांत जवळच्या मित्रावरच येऊन पडते, कारण त्यालाच सगळे ठाऊक असते. ती त्याच्यावरून काढून घ्यावी, निदान तेरा दिवस त्याच्या वाट्याचे काम इतरांनी वाटून घ्यावे, आणि सभेत त्याला भाषणाचा आग्रह न करता श्रोत्यांत बसू द्यावे.