मागील पानावरून पुढे

नागपुरात प्लॉट घ्यायला निघालेला माणूस भावाच्याही आधी एक गोष्ट विचारतो. हा आधी कुणाला विकलेला तर नाही ना? शहर चहूबाजूंनी पसरले, शेतांचे लेआउट पडले आणि एकाच प्लॉटचे इसारपत्र दोघातिघांच्या हाती असल्याच्या तक्रारी आपल्या ओळखीच्या झाल्या. म्हणून जाणती माणसे सातबारा पाहतात, फेरफार पाहतात, वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात आणि कुणाची हरकत येते का म्हणून थांबतात.

संगणकावरच्या पैशापुढेही हीच अडचण होती. नोट एकाला दिली की आपल्या हातून जाते. संगणकातली नोंद म्हणजे नुसते आकडे, आणि आकड्यांची नक्कल फुकट होते. तेच नाणे सकाळी एकाला आणि दुपारी दुसऱ्याला दिले तर पकडणार कोण? याचे उत्तर बँक हे होते. बँकेची वही प्रमाण, बाकीच्यांनी ती मानायची. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. हे नाव नेमके कुणाचे, ते अजूनही उघड झालेले नाही. बँकेवाचून अशी वही कशी ठेवता येईल, हे त्या निबंधात मांडले होते. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. वही ठेवण्याच्या त्या रीतीला आज आपण ब्लॉकचेन म्हणतो. बिटकॉइन हा त्या रीतीचा एक वापर आहे. रीत आणि वापर एकच समजल्याने लोकांचे पैसे बुडाले आहेत, म्हणून हा भेद सुरुवातीलाच सांगितला.

रीत समजायला इतवारीतल्या जुन्या पेढीवरची रोजकीर्द पुरे. बांधीव वही, पानांना क्रमांक आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागील पानावरून आणलेली शिल्लक. समजा, चैत्रातल्या एखाद्या पानावर कुणी शंभराचे हजार केले. त्या पानाची शिल्लक बदलली, म्हणून पुढच्या पानाची बदलायला हवी, आणि ही चूक चालत चालत आजच्या पानापर्यंत येते. लबाडी लपवायची तर मधली सगळी पाने नव्याने लिहावी लागतात. ब्लॉक म्हणजे हे पान. चेन म्हणजे पानापानाला बांधणारी ती शिल्लक.

रोजकिर्दीत एक पळवाट मात्र राहते. जमेत शंभर वाढवले आणि खर्चातही शंभर वाढवले, तर शिल्लक तीच राहते आणि पुढच्या पानाला पत्ता लागत नाही. ब्लॉकचेनने ही वाट बंद केली. तिथे पुढच्या पानावर मागच्या पानाचा ठसा येतो. या ठशाला हॅश म्हणतात. कितीही लांब मजकूर एका ठरलेल्या गणिती रीतीतून काढला की ६४ अंक-अक्षरांची एक ओळ मिळते. मजकूर तोच असेल तर ओळ तीच येते. मजकुरातला एक अनुस्वार गळला तरी सगळी ओळ पालटते. शिवाय ओळीवरून मजकूर परत काढता येत नाही, म्हणजे ठसा चारचौघांत दाखवला तरी आतली गोष्ट आतच राहते.

आता प्रश्न उरतो वहीच्या मालकाचा. त्यानेच रात्रभर बसून सगळी वही नव्याने लिहिली तर? इथे भिशी आठवावी. वीस बायकांच्या भिशीचा हिशेब एकीच्याच वहीत असेल, तर सारी मदार तिच्या सचोटीवर. विसाही जणींनी वही ठेवली, तर एकीने आपली पाने बदलून काही साधत नाही, कारण सकाळी एकोणीस वह्या तिच्याविरुद्ध बोलतात. ब्लॉकचेनची वही अशी हजारो संगणकांवर असू शकते. पुढचे पान कुणी लिहायचे हे ठरवण्यासाठी बिटकॉइनमध्ये संगणकांना एक अवघड गणिती कोडे सोडवावे लागते, आणि सरासरी दहा मिनिटांनी एक पान तयार होते. जुने पान बदलू पाहणाऱ्याला तिथपासूनची सगळी कोडी पुन्हा सोडवून साऱ्या जगाला गाठावे लागेल. या कोड्यांपायी अफाट वीज जळते. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख सोसणाऱ्या आपल्या जिल्ह्याने ही किंमत हलकी मानू नये. पण ती अटळही नाही. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या वहीने सप्टेंबर २०२२ मध्ये कोडी बाजूला ठेवून, पान लिहिणाऱ्याने आपले पैसे तारण ठेवण्याची पद्धत स्वीकारली, आणि तिचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

वह्या विसांकडे आहेत की एकीकडेच, हे न विचारल्याने महाराष्ट्रात हजारो घरे पोळली. ‘गेनबिटकॉइन’ योजनेत दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असे आमिष होते. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली, आणि आता त्या प्रकरणाचा तपास सीबीआयकडे आहे. नागपूर पोलिसांनी २०२२ मध्ये ‘इथर ट्रेड एशिया’ प्रकरणातला मुख्य आरोपी लोणावळ्यातून पकडला. अशा योजनांत माणसाला संकेतस्थळावर आपली रक्कम रोज वाढताना दिसते. तो आकडा योजना चालवणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकातला असतो. नाव ब्लॉकचेनचे, पण वही एकाच्याच खिशात.

या तंत्राचा प्रामाणिक वापर पाहायला गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीकडे जावे लागते. २०२२ मध्ये तिथल्या उपविभागाने ६५ हजार जात प्रमाणपत्रांसाठी ब्लॉकचेनचा उपयोग हाती घेतला. ‘लेजिटडॉक’ ही प्रणाली आणि ‘पॉलिगॉन’ ही भारतीय तरुणांनी सुरू केलेली सार्वजनिक वही त्यासाठी निवडली. प्रमाणपत्राचा ठसा वहीत उतरतो आणि कागदावर क्यूआर कोड येतो. दूरच्या महाविद्यालयातल्या कारकुनाने तो मोबाइलवर तपासला की कागद कार्यालयाने दिलेला, तसाच्या तसा आहे, हे कळते. खऱ्या कागदासाठी आदिवासी मुलाला पुन्हा तालुक्याला खेटे घालावे लागू नयेत, ही मला या तंत्राची सर्वांत मोलाची बाजू वाटते.

पण त्या क्यूआर कोडमधून एक गोष्ट कधीच कळणार नाही. प्रमाणपत्रावरची जात खरी आहे का? ते काम पडताळणी समितीचे, आणि अनुसूचित जमातींसाठी ती १९५० पूर्वीचे महसुली आणि शाळेचे दाखले चाळते. नागपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. हलबा जमात की कोष्टी जात हा वाद इथल्या विणकर वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जगला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २००० मध्ये मिलिंद खटल्यात त्यावर निकाल दिला. एखाद्या शाळामास्तराने शंभर वर्षांपूर्वी दाखल्यात काय लिहिले आणि का लिहिले, याचा निवाडा कोणतेही यंत्र करणार नाही. ब्लॉकचेन एवढेच सांगते की अमुक दिवशी अमुक लिहिले गेले आणि त्यानंतर ते बदललेले नाही. चुकीची नोंद तीत गेली, तर तीही तितक्याच निष्ठेने जपली जाईल.

मग हे एवढेसे आश्वासन कशाच्या कामाचे? माझे उत्तर नागपूर विभागातल्या शालार्थ प्रकरणात आहे. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार शालार्थ प्रणालीतून निघतो, आणि शालार्थ आयडीवाचून तो निघत नाही. २०२५ मध्ये उघड झाले की बनावट नियुक्त्यांवर असे आयडी तयार करून पगार उचलले गेले. विभागीय शिक्षण उपसंचालकांसह अनेकांना अटक झाली. मान्यतेच्या कागदांवर मागच्या तारखा टाकल्याचेही आरोप आहेत. कुणी काय केले ते न्यायालय ठरवील. माझा मुद्दा वहीचा आहे. सगळे काम संगणकावर असूनही ही फसवणूक झाली, कारण संगणकीकरणाने वही कागदावरून पडद्यावर आणली, पण तिचा मालक एकच ठेवला. आत नोंद घुसवणारा आणि नोंदीची राखण करणारा एकाच कार्यालयात बसत असतील, तर पासवर्डला काय अर्थ?

ब्लॉकचेननेही खोटी नेमणूक थांबली नसती. पण मागची तारीख टाकता आली नसती, आणि कोणत्या दिवशी कुणाच्या लॉगिनवरून नोंद झाली हे नंतर पुसता आले नसते. निर्ढावलेल्या खोटेपणाला यामुळे वेळीच लगाम बसतो, असे मला वाटते.

यासाठी कोट्यवधींची निविदा काढण्याचीही गरज नाही. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी सातोशीच्या कितीतरी आधी, १९९१ मध्ये, ठशांची साखळी मांडली होती. पुढे १९९५ पासून त्यांच्या कंपनीकडच्या नोंदींचा ठसा दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापून येऊ लागला. छापलेला अंक लाखो घरांत गेला, आता तो ठसा कोण बदलणार? प्लॉट घेताना आपण देतो ती जाहीर नोटीस याच जातीची आहे.

शालार्थमधल्या शिक्षकांच्या संपूर्ण यादीचा ठसा दर सोमवारी नागपूरच्या वर्तमानपत्रांत छापता येईल. त्यातून एकाही शिक्षकाचे नाव फुटणार नाही. त्या सोमवारी यादीत नसलेला माणूस पुढे मागच्या तारखेने घुसवला, तर त्या सोमवारच्या यादीचा ठसा छापील ओळीशी जुळणार नाही, आणि ती यादी हाती आली की कोणताही लेखापरीक्षक, पत्रकार किंवा शाळेतला साधा शिपाई ते पडताळू शकेल. खर्च आठवड्याला एका चार ओळींच्या नोटिशीचा आहे. शिक्षण विभागाने ही नोटीस नागपूर विभागापासून सुरू करावी.