राखणदार पाहिजे

आमचा पुतण्या पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मे महिना आला की तो मिरजोळ्याला येतो आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन पडवीत बसतो. ही रजा की नोकरी, हे त्याच्या साहेबालाही कळत नसावं. यंदा मी सहज विचारलं, "बाबा रे, दिवसभर करतोस तरी काय?" तरुण माणसाला हा प्रश्न विचारू नये. तो खरंच सांगायला लागतो.

"काका, इंटरफेस म्हणजे नुसतं वचन. काय काय करता आलं पाहिजे त्याची यादी. म्हणून ‘न्यू’ लिहून पुढे इंटरफेसचं नाव टाकलंत तर वस्तू बनत नाही, कंपायलर अडवतो. ते वचन पाळणारा क्लास लागतो. वस्तू त्याची बनवायची, पण हाताशी धरायची ती इंटरफेसच्या नावानं."

"म्हणजे ‘राखणदार पाहिजे’ अशी पाटी लावून राखणदार होत नाही. हाडामासाचा कुणीतरी यावा लागतो."

"करेक्ट! आणि राखणदार म्हणून धरलात की त्याच्याकडे राखणच मागता येते. अंगात आणखी शंभर गुण का असेनात."

१९९५ साली जगापुढे आलेल्या जावा भाषेत हा कायदा कडक आहे म्हणे. यादीतलं एक जरी काम क्लासनं बाकी ठेवलं तरी कंपायलर त्याला उभा करत नाही. इंग्रज एवढे काटेकोर नव्हते. त्यांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८५ साली गादीवरून उतरवला, रत्नागिरीत आणून ठेवला, १९१० साली राजवाडाही दिला. म्हणजे ‘राजा’ या यादीतलं एकही काम न ठेवता नाव तेवढं चालू ठेवलं. बिचारा १९१६ साली इथेच वारला.

मी मात्र त्या शंभर गुणांवर अडकलो.

आमच्याकडे आंब्याच्या बागांना दिवाळीच्या सुमारास नेपाळी राखणदार येतात आणि पाऊस लागायच्या आत परततात. माझ्या मोबाइलमध्ये ‘बहादूर’ नावाचा एक नंबर आहे. माणूस बदलला की मी नंबर बदलतो, नाव तेच. सध्याचा बहादूर चौथ्या वर्षाचा. यंदा ऐन मोहोरात तुडतुडे पडले आणि फवारणीचा पंप बंद. मेकॅनिक आज येतो, उद्या येतो करत चौथ्या दिवशी उगवला, तोवर निम्मा मोहोर काळा पडला होता. मेकॅनिकनं पंप उघडला, तेव्हा शेजारी उभा असलेला बहादूर हळूच म्हणाला, "साब, वॉशर गया है." तेच निघालं. हा गृहस्थ गावाकडे सात वर्षं पंप दुरुस्त करत होता!

"अरे, मग बोला क्यों नहीं?"

"आपने पूछा नहीं, साब."

हे सगळं पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, प्रोग्रॅममध्ये हाच तर फायदा! आतलं काही विचारायचं नाही, म्हणून उद्या आतला माल बदलला तरी बाकीचं गाडं अडत नाही." ते खोटं नाही. मीच चार बहादूर बदलले, बाग कुठे अडली? आणि एसटीच्या प्रत्येक कंडक्टरला घरचं खुशाल विचारत बसलो तर रहाटाघरहून निघालेली गाडी मिरजोळ्याला पोचायची कधी? तिकीट मागावं, सुटे द्यावेत, गप्प बसावं. पण कंडक्टर अर्ध्या तासाचा. हा माणूस वर्षातले सात महिने माझ्या कलमांखाली झोपतो, आणि त्याला आणखी काय येतं हे विचारायला मला निम्मा मोहोर जाळावा लागला. मोहोर जळला नसता तर विचारलं असतं का? याचं उत्तर मी पुतण्याला दिलं नाही.

संध्याकाळी बागेत गेलो. बहादूर करंड्या रचत होता. "तुम्हारा असली नाम क्या है?" असं विचारताना चार वर्षांची लाज वाटली. त्यानं सांगितलं. मी चष्मा लावून अक्षर न् अक्षर विचारत ते मोबाइलमध्ये घातलं आणि नंबर बरोबर आहे ना पाहायला मिस्ड कॉल दिला.

करंडीवर ठेवलेला त्याचा मोबाइल वाजला. वर नाव आलं होतं: ‘मिरजोळे आंबा’.